रंग कमी-जास्त बसला, आता काय?

प्रश्न : कॉलेजच्या विंड टनेलसाठी पंखाच्या मॉडेलवर दाबसंवेदी रंग मारला. निळ्या दिव्याखाली तो कुठे ठळक, कुठे फिका चमकतो. सगळा खरवडून पुन्हा मारावा का?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : लगेच खरवडू नका. या रंगाची चमक हवेतला ऑक्सिजन विझवतो. दाब वाढला की चमक घटते. पण दाब एकाच फोटोवरून काढायचा नसतो. वारा बंद असतानाच्या फोटोला वारा चालू असतानाच्या फोटोने भागलं की जाडीतला फरक बराचसा कटतो. मॉडेल वाऱ्याने हललं, तर मात्र फोटो जुळत नाहीत आणि डागांच्या कडांवर खोटा दाब उमटतो. त्यासाठी मॉडेलवर बारीक काळे ठिपके द्या आणि फोटो त्यांवरून जुळवा.

पंखाच्या पुढच्या कडेवर ओघळ किंवा खरखर असेल, तर रंग काढाच. तिथे प्रवाहच बिघडतो. आधी पांढरं अस्तर, मग एअरब्रशने पातळ हात, एक आडवा, एक उभा. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. फार लांबून मारलात तर थेंब वाटेतच वाळतात आणि पृष्ठभाग सँडपेपरसारखा होतो. सॉल्व्हंटच्या वाफांसाठी रेस्पिरेटर घाला, कापडी मास्क चालणार नाही.

मला जाडीपेक्षा तुमच्या टनेलच्या वेगाची काळजी वाटते. सेकंदाला ४० मीटर वेगाला दाबातला फरक वातावरणीय दाबाच्या जेमतेम १ टक्क्याच्या घरात असतो, आणि एखाद्या अंशाच्या तापमानबदलानेही तेवढी चूक होऊ शकते. म्हणून वारा बंद असतानाचा फोटो टनेल थांबवल्याबरोबर, मॉडेलचं तापमान बदलण्याआधी घ्या.