नॉब फिरतो, करंट मात्र उतरत नाही

प्रश्न : जुन्या थायरिस्टर वेल्डिंग रेक्टिफायरचा नॉब अगदी खाली आणला तरी करंट कमी होत नाही, पातळ पत्र्याला भोकं पडतात. कंट्रोल कार्ड बदलावं का?

उत्तर : कार्डावर पैसे घालण्याची घाई नको. आधी रिमोट-लोकल स्विच पाहावा. तो 'रिमोट'वर राहिला असेल, तर पुढचा नॉब निव्वळ फिरतो.

मग मशीनची 415 व्होल्टची लाइन मेन स्विचवरून तोडून, फ्यूज काढून ठेवूनच कव्हर उघडावं. यात सूट नाही. नॉबमागच्या पोटेन्शिओमीटरच्या वायरी सोडवून मल्टीमीटर लावला, की रेझिस्टन्स सलग बदलायला हवा. ग्राइंडिंगच्या धुळीने आतला पट्टा झिजला असेल, तर आकडा मध्येच उडतो. तेवढ्याच किलो-ओहमचा नवा पोटेन्शिओमीटर कार्डाच्या मानाने किरकोळ किमतीत मिळतो.

करंट सतत जास्तच असेल, तर खरा संशय शंटवर घ्यावा. आउटपुटच्या मार्गातल्या या पितळी ठोकळ्यांच्या तुकड्यावरून दोन बारीक वायरी कार्डाकडे जातात आणि किती करंट वाहतोय ते कळवतात. त्यातली एक तुटली किंवा तिच्या लगवर हिरवट गंज चढला, की कार्डाला करंट शून्य दिसतो आणि ते थायरिस्टर आणखी उघडत जातं. लग घासून, स्क्रू आवळून पाहावा.

दुरुस्तीनंतर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटरच वापरावा. साधा एसी क्लॅम्प इथे फसवतो. 3.15 मिमीच्या साध्या रॉडला साधारण 90 ते 130 अँपिअर पुरतात.