परतीची वाट आधी बघ

अगं, "ताई, किती किलोमीटरचा रूट टाकू?" हा प्रश्नच आधी बाजूला ठेव. डांबरी रस्त्यावर तू सायकलने दोन तासांत ४० किलोमीटर मारतेस, मला ठाऊक आहे. पण मुरमावर, सुट्या खडीवर आणि त्यातही डोंगरातल्या चढावर तो हिशेब चालत नाही. तिथे तासाला दहा-बारा पडले तरी झकास चाललंय असं समजायचं. म्हणून अंतर मोजू नकोस, वेळ मोज. आणि त्याच्याही आधी हे बघ, की मध्येच पाय गळाले, आभाळ भरून आलं, नाहीतर नुसताच कंटाळा आला, तर बाहेर कुठून पडता येईल? दर तास-दीड तासाने जिथे अशी सुटका आहे, तो पहिल्यांदा निघणारीसाठी चांगला रूट. नजारे वगैरे त्यानंतर.

तुझ्या डोक्यात मढे घाट आहे, कळलं मला. फोटो सुंदरच येतात तिथले. पण वेल्ह्यापुढे केळदपर्यंत गेलीस, की तिथून खाली कोकणात उतरते ती पायवाट आहे. सायकल खांद्यावर घेऊन उतरायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय चेन तुटली तर कुणाची तरी जीप येईपर्यंत पारावर बसून राहायचं. पुढच्या हिवाळ्यात जा खुशाल.

आत्ता मावळात जा. मावळात पुणे-लोणावळा लोकल उशाशी आहे. पहाटेच्या गाडीने मळवलीला उतर. सायकल गाडीत चढवायची तर सामानाचं तिकीट काय लागतं ते खिडकीवर आधी विचार, उगीच टीसीशी हुज्जत नको. मळवलीहून द्रुतगती मार्ग ओलांडलास की भाजे. लेणी वर डोंगरात आहेत, पण सायकल कुठे ठेवायची ही पंचाईत असते, तेव्हा ती पुन्हा कधीतरी. भाज्यापासून गायमुख खिंडीचा चढ सुरू होतो आणि तो दमवतो. लोहगड आणि विसापूर यांच्या मधली ही खिंड. उतरून सायकल ढकललीस तरी कुणी नाव ठेवणार नाही, आणि ठेवलं तर ठेवू दे. खिंडीतून लोहगडवाडी. तिथे चहा घे, पाणी भर आणि स्वतःला विचार, पुढे जायचंय का? नसेल जायचं तर आलीस तशी मळवलीला उतर, सगळा उतारच आहे. जायचं असेल तर दुधिवरे खिंडीकडे निघ. तिथेही दोन वाटा आहेत. एक लोणावळ्याला जाते, म्हणजे पुन्हा रेल्वे. दुसरी खाली पवनानगरला, धरणाकडे. पवनानगरहून बेडशाच्या फाट्यावरून कामशेत, आणि कामशेतला लोकल. सगळं मिळून ३५-४० किलोमीटर भरतं, पण आख्खी सकाळ हाताशी ठेव. दुपारी लोकल विरळ असतात, वेळापत्रक फोनमध्ये घालून घे. आणि शनिवार-रविवार टाळ. लोहगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. गर्दी त्याआधीही काही कमी नव्हती.

हा सगळा मुरमाचा रस्ता आहे असं मी म्हणत नाही. डांबर, काँक्रीट, उखडलेली खडी अशी सरमिसळ आहे, आणि कुठला तुकडा कच्चा हे दर पावसाळ्यानंतर बदलतं. हात बसला की मग पवनेच्या काठाकाठाने तिकोना पेठ, जवण, मोरवे, तुंग अशी मोठी फेरी करता येते. मुख्य रस्ता सोडून वाड्यांकडे, शिवारात जाणाऱ्या गाडीवाटा आणि पाणंदी तिथे भेटतात. ग्रॅव्हलची, म्हणजे कच्च्या रस्त्यावरच्या सायकलिंगची, खरी मजा त्यांत आहे. दोन बाजूंना चाकोरी, मध्ये गवताची पट्टी, टायरखाली मुरमाचा चरचर आवाज. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेव. उन्हाळ्याकडे धरणाचं पाणी ओसरतं आणि काठ कोरडाठाक दिसतो. त्यावर चाक घालू नकोस. वरचा पापुद्राच वाळलेला असतो, खाली गाळ. आणि दुसरं, नकाशात दिसणाऱ्या कितीतरी वाटा कुणाच्या तरी फार्महाऊसच्या फाटकावर जाऊन संपतात.

नकाशावर म्हणूनच डोळे मिटून विश्वास नको. ॲपला पायवाट आणि गाडीवाट यांतला फरक पुष्कळदा कळत नाही, ते तुला बिनदिक्कत कड्यावरून उतरवेल. आदल्या रात्री उपग्रहाच्या चित्रात तो रस्ता मोठा करून बघ. दोन चाकोऱ्या दिसल्या तर तिथून बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जातो, म्हणजे तूही जाशील. एकच बारीक रेघ असेल तर ती गुरांची किंवा माणसांची. आणि रस्ता कुठल्या खाणीकडे किंवा क्रशरकडे जात असेल तर सरळ दुसरा निवड. टिपरवाले वळणावर थांबत नाहीत आणि त्यांच्या धुळीत दहा मिनिटं पुढचं काही दिसत नाही.

रस्ता विचारण्याचीही एक पद्धत आहे. "पुढं रस्ता जातो का?" असं विचारलंस की उत्तर ठरलेलं, "जातो की!" जातो, पण माणूस जातो. "ट्रॅक्टर जातो का पुढं?" असं विचार. मग खरं उत्तर मिळतं. किती लांब हे तर विचारूच नकोस. "हे काय, पुढंच" म्हणजे पाव किलोमीटरही असतं आणि एक आख्खा डोंगरही.

आता सायकल. तुझी हायब्रिड आहे ना, मग लगेच नवी ग्रॅव्हल बाईक घ्यायला धावू नकोस. फ्रेममध्ये आणि फोर्कमध्ये ४० मिलीमीटरचा टायर मावतो का ते मेकॅनिककडून तपासून घे. मावला तर आत्तापुरतं भागलं. हवा डांबरीसारखी टणक भरायची नाही. आपल्यासारख्या साठेक किलोच्या बाईला ४० च्या ट्यूबलेस टायरमध्ये ३० पीएसआयच्या आसपास पुरते. ट्यूब असेल तर थोडी जास्त ठेव, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब चिमटते. बाभळीच्या काट्याला मात्र कुठलाच टायर नवा नाही. एक छोटीशी पितळी वस्तू सोबत ठेव, प्रेस्टा व्हॉल्व्हचा ॲडॅप्टर. गावातल्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तुझ्या व्हॉल्व्हला तसाच लागत नाही, आणि तो बिचारा "ताई, हे आपल्याकडं बसत नाय" म्हणून हात झटकतो. वीस-पंचवीस ग्रॅमसुद्धा नाही त्याचं वजन. गिअरही बघून घे. पुढची सगळ्यात छोटी आणि मागची सगळ्यात मोठी चकती यांचे दाते निदान सारखे तरी हवेत, नाहीतर गायमुखच्या चढावर गुडघे बोलतील.

चढताना बसून राहा. उभी राहिलीस की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते मुरमावर जागच्या जागी फिरतं. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी लाव, वळणात नाही. पुढचा ब्रेक खडीवर करकचून दाबलास की सायकल एकीकडे आणि तू दुसरीकडे. हँडल आवळून धरू नकोस, कोपर सैल ठेव, नजर चाकापाशी नको, दहा-पंधरा मीटर पुढे.

जायचं कधी, तर दिवाळीनंतर. पावसाळ्यात मावळ हिरवागार असतो, पण चिकट माती टायर आणि फ्रेमच्या मध्ये अशी भरते की चाकच फिरत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. नोव्हेंबरात भाताची कापणी-झोडणी चालू असते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी तांदूळ तो याच खोऱ्यांतला. कुठे रस्त्यावर पेंढा पसरलेला असला तर उतरून कडेने जा. आणि सड्यांवर, पठारांवर गवतातून सायकल घालायची नाही. चाकाने झालेली चर पुढच्या पावसात ओघळ होते.

आता आपल्या-आपल्यातलं. पॅडच्या शॉर्टखाली आतलं काही घालायचं नाही. घातलंस की शिवण घासते आणि दुसऱ्या दिवशी बसवत नाही. सॅडल पुरुषी मापाचं असेल तर बदल, बसण्याच्या हाडांची रुंदी दुकानात मोजून देतात. पाळी असेल तर जा किंवा जाऊ नकोस, तुझं तू ठरव, पण लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी पिणं बंद करू नकोस. बायकांची ही जुनी खोड आहे आणि डोंगरात ती महागात पडते. वाडीतल्या एखाद्या बाईला विचार, घरात घेतील.

"एकटीच?" असं कुणी पुरुषमाणसाने विचारलं तर "मागून येतायत सगळे" म्हणायचं आणि पुढे व्हायचं. बाईने विचारलं तर खरं सांग, गप्पा होतील. कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नकोस, उतर, सायकल मध्ये धर आणि चाल. बहुतेक कुत्र्यांचा उत्साह तिथेच संपतो.

लोहगडवाडी, दुधिवरे, पवनानगर, तिन्ही ठिकाणांहून मला मेसेज टाक. रेंज नसेल तर पुढच्या ठिकाणाहून. आणि आईला "रस्ता कच्चा आहे" असं सांगू नकोस. "गावागावांतून जातो" म्हण. दोन्ही खरंच आहे.