आधी भाकर, मग बोध

पोरी, संकट आलं की माणसाला वाटतं, आपण विश्वासात घट्ट राहिलो तरच देव जवळ येईल. मग आपण रडू आवरतो, प्रार्थनेत ठेवणीतले शब्द वापरतो आणि आतून आणखी थकतो. शास्त्रात मी मात्र उलटंच वाचत आले. देवाची करुणा माणूस सावरायची वाट बघत नाही. माणूस पडला असेल तिथंच ती येते. एवढं मनात पक्कं धर. बाकीच्या गोष्टी त्यातूनच निघतात.

आधी जेव, झोप. ईजबेल राणीच्या धमकीनं एलीया रानात पळाला आणि रतामाच्या झाडाखाली बसून त्यानं मरण मागितलं. केवढा मोठा संदेष्टा! देवानं त्याला बोल लावला नाही. दूत आला तो निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी घेऊन. एलीया जेवला, पुन्हा झोपला, दूतानं पुन्हा उठवून जेवू घातलं. ‘तू इथं काय करतोस?’ असा प्रश्न देवानं विचारला तो होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर. तेव्हा उपाशीपोटी, जागरणात स्वतःच्या विश्वासाची झडती घेऊ नको. रात्री मोठे निर्णयही घेऊ नको. वरणभात खा आणि पड.

गाऱ्हाणं देवाकडंच कर. देवापुढं तक्रार करणं पाप आहे, असं कुणी सांगितलं तर स्तोत्रसंहिता उघड. तेराव्या स्तोत्रात ‘किती काळ?’ हा सवाल चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. तरी ते शास्त्रात आहे आणि मंडळी ते प्रार्थना म्हणून वाचत आली आहे. ज्याच्यावर भरवसा असतो, त्याच्याशीच माणूस भांडतो. दार लावून घे आणि आपल्या घरच्या बोलीत, मोठ्यानं, काय खुपतंय ते सांग.

रडण्याची लाज धरू नको. मेलेल्या लाजराला आपण उठवणार, हे प्रभू येशूला ठाऊक होतं. तरी बेथानीत लाजराच्या बहिणीला, मरीयेला, रडताना पाहून तो स्वतः रडला. पुढं सगळं नीट होणार आहे म्हणून आजच्या दुःखाला त्यानं हलकं लेखलं नाही. तूही लेखू नको.

‘हे माझ्या पापाचं फळ’ असं म्हणत बसू नको. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून त्याच्या दुःखाची कारणं सांगू लागले, तिथं चुकले. शेवटी देवाचा राग झाला तो त्यांच्यावर, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना कुणी करायची? ईयोबानं. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी ‘पाप कुणाचं?’ म्हणून विचारलं, तेव्हा प्रभूनंही तो हिशेब नाकारला. भेटायला आलेलं कुणी असं बोललं, तर चहा दे आणि बोलणं सोडून दे.

प्रार्थना होत नसेल, तर दुसऱ्यांना करू दे. कफर्णहूमात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी उचलून आणलं, छप्पर उघडून खाली सोडलं. प्रभूनं त्यांचा विश्वास पाहिला, असं मार्क लिहितो. खाटेवरचा माणूस काही बोलल्याचं त्यात कुठं नाही. तुझे चौघे कोण, ते आत्ताच ठरव. पाळकांना कळव. महिला मंडळातल्या बायकांना ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ एवढ्यावर सोडू नको. दवाखान्यात डबा हवा, पोराला शाळेतून आणायचं आहे, असं स्पष्ट सांग. तो डबाही प्रभूच्या दयेचाच असतो. आणि मन आठवडेच्या आठवडे खचलेलं राहिलं, तर डॉक्टरकडं जा. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. पौलाच्या सोबतीला लूक होता, तो वैद्यच होता.

उत्तर ‘नाही’ आलं, तरी सोबत सुटली असं समजू नको. शरीरातला काटा काढ म्हणून पौलानं तीनदा विनवलं. काटा राहिला, तो सोसायला पुरेल एवढी कृपा मिळाली. गेथशेमानेत प्रभूनं स्वतः प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, आणि प्याला टळला नाही. म्हणून ‘नाही’ ऐकणाऱ्याचं दुःख त्याला बाहेरून समजून घ्यावं लागत नाही.

आशा एका दिवसापुरतीच माग. विलापगीताचे अध्याय पाच. देवाची दया रोज सकाळी नवी होते, हा भरवसा तिसऱ्या अध्यायात आहे, आणि त्यानंतर पुन्हा दोन अध्याय विलापच. एके दिवशी बरं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून आलं, तर मागं गेलो असं मानू नको. उद्याची दया उद्या मिळेल. आज आजच्यापुरतं माग.

मिळालेलं सांत्वन पुढं दे, पण घाई नको. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली, पुढं भाऊ गेला, १८८२मध्ये पती गेले. पदरी लहानगी लेक मनोरमा. १८८३मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीनं खंगलेल्या बायका-मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातूनच उभं राहिलं. भूक काय असते हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पण घरच्यांचं मरण आणि ते काम यांच्यामध्ये कितीतरी वर्षं गेली, हेही ध्यानात ठेव. ‘तुझ्या दुःखातून देव काहीतरी घडवतोय’ असं लोक पहिल्याच आठवड्यात म्हणतील. तू आज कुणाच्या उपयोगी पडलीच पाहिजेस, असं काही नाही. आज तुझी पाळी घेण्याची आहे. देण्याची येईल, तेव्हा कुणाच्या दारात जायचं हे तुला आपोआप कळेल. आणि तिथं गेलीस की आधी त्या घरात कुणी जेवलंय का ते विचार.