किटलीचा क्रमांक

कर्जत स्थानकात बोरघाट चढणाऱ्या बऱ्याच गाड्यांना मागून रेटा देणारी इंजिने जोडतात. त्यांना 'बँकर' म्हणतात. नवख्यास पेढीवाला आठवतो. परंतु इंग्रजीत 'बँक' म्हणजे चढणही होय, आणि रेल्वे कामगारांचा त्यात घोटाळा होत नाही.

संगणकाच्या नियमांत मात्र एका थट्टेने घोटाळा केला. १ एप्रिल १९९८ रोजी एका अभियंत्याने इंटरनेटच्या नियमांच्या गंभीर थाटात कॉफीयंत्राचे लटके नियम प्रसिद्ध केले. चहाच्या किटलीस कॉफी करावयास सांगितल्यास तिने ४१८ हा क्रमांक पाठवून 'मी किटली आहे' असे कळवावे, असा त्यांत एक नियम होता! विनोद झकास होता खरा. पुढे अनेकांनी तो आपल्या प्रोग्रॅमांत खरोखरच घातला. अखेर २०२२ च्या खऱ्या नियमांत ४१८ हा क्रमांक राखून ठेवावा लागला. दुसऱ्या कामास तो तूर्त देता येत नाही.