पॅरलल पोर्टावरचा प्रोग्रॅमर : पिना जुळवताना शिकलेलं

घरच्या घरी एव्हीआर किंवा ८०५१ कुळातली चिप प्रोग्रॅम करायला जुन्या कॉम्प्युटरचा प्रिंटर पोर्ट, काही वायरी आणि दोन-चार रेझिस्टर पुरतात. बाकी सगळी मदार एव्हीआरड्यूड या चिप प्रोग्रॅम करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कॉन्फिग फाइलमधल्या मोजक्या ओळींवर असते. त्या ओळी आणि वायरी जुळल्या नाहीत, की चिप उत्तरच देत नाही.

१. फाइलमध्ये लिहायचा आकडा २५ पिनांच्या कनेक्टरवरचा असतो, बिटचा नव्हे. डेटाचा शून्यावा बिट म्हणजे पिन २. पिना २ ते ९ आणि १, १४, १६, १७ यांवरून सिग्नल बाहेर जातो. आत येतो तो १०, ११, १२, १३ आणि १५ वरून, त्यामुळे मिसो, म्हणजे चिपकडून येणारा डेटा, या पाचांपैकीच एकीवर हवा. १८ ते २५ ग्राउंड. टाका मारायच्या बाजूने पाहिलं की क्रम उलटा दिसतो, म्हणून कनेक्टरच्या प्लॅस्टिकवर कोरलेले बारीक आकडे भिंगातून वाचावेत.

२. केबलच्या नावावर विसंबू नये. एसटीके२०० मध्ये रिसेट ९ वर, क्लॉक ६ वर, मोसी (चिपकडे जाणारा डेटा) ७ वर, मिसो १० वर. शिवाय ४ आणि ५ या पिना मधल्या २४४ बफरचं दार उघडतात. डापा केबलमध्ये बफरच नाही: रिसेट १६, क्लॉक १, मोसी २, मिसो ११. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या केबलवर काहीही छापलेलं असो, मीटर ‘बीप’वर ठेवून एकेक वायर तपासावी आणि जे सापडेल तेच फाइलमध्ये लिहावं.

३. सर्वांत जास्त घोळ ‘~’ या खुणेचा. पिनेच्या आकड्याआधी ती लिहिली की सिग्नल उलटा होतो. पोर्टाच्या १, ११, १४ आणि १७ या पिना मुळातच उलट्या चालतात. हे वाचून पुष्कळजण तिथेही खूण लावतात, आणि तिथेच फसतात, कारण ती उलथापालथ एव्हीआरड्यूड स्वतःच सांभाळून घेतो. खूण लावायची ती आपल्या सर्किटसाठी: मध्ये ट्रान्झिस्टर किंवा इन्व्हर्टर असेल तर. किंवा चिपच वेगळी असेल तर. एव्हीआरचा रिसेट खाली ओढावा लागतो. एटी८९एस५२ चा वर. म्हणून साध्या केबलने एस५२ प्रोग्रॅम करताना रिसेटच्या आकड्याआधी ‘~’ हवीच.

शंका आली की मी एक चाचणी करतो. एव्हीआरड्यूड ‘-टी’ देऊन टर्मिनल मोडमध्ये उघडायचा. चिप आपली ओळख (सिग्नेचर) देत नसेल तर ‘-एफ’ जोडून तपासणी डावलायची. आता मीटरचं टोक एटीमेगा८ च्या पहिल्या पिनेवर, म्हणजे रिसेटवर. जवळजवळ शून्य व्होल्ट दिसलं पाहिजे, आणि बाहेर पडताच ते सप्लायएवढं झालं पाहिजे. उलट दिसलं तर खूण चुकली. काहीच हललं नाही तर आकडा तरी चुकला किंवा वायर तरी.

४. चिपची ओळख आधी वाचावी, फ्यूजला, म्हणजे चिपच्या मूळ सेटिंगच्या बिटांना, नंतर हात लावावा. एटीमेगा८ ची ओळख १ई ९३ ०७. त्याऐवजी सगळे शून्य किंवा सगळे एफएफ आले तर मिसोची वायर पाहावी. ओळख पुनःपुन्हा तीच येईपर्यंत फ्यूज लिहू नये. चुकीचा फ्यूज लिहिला गेला तर ही केबल त्या चिपशी पुन्हा बोलू शकेलच असं नाही.

५. नवा एटीमेगा८ आतल्या १ मेगाहर्ट्झवर चालतो आणि प्रोग्रॅमिंगचा क्लॉक त्याच्या चौथ्या हिश्श्याहून कमी लागतो. एस५२ ला तर सोळाव्या हिश्श्याहून कमी, आणि त्याला क्रिस्टल किंवा बाहेरचा क्लॉक जोडलेला असावाच लागतो. म्हणून ‘-आय’ने थोडा विलंब द्यावा.

६. पोर्टापर्यंत पोहोचायला लिनक्सवर पीपीडेव्ह मॉड्यूल लागतं. विंडोज एक्सपीवर गिव्हआयओ ड्रायव्हर.

७. यूएसबीवरून पॅरलल करणारी वायर घेऊ नका. ती प्रिंटरसाठी आहे. ३७८ हेक्स या पत्त्यावरची रजिस्टरं तिच्यात नसतात, आणि आपलं सगळं काम त्या रजिस्टरांवरच चालतं. म्हणून घरात मागे २५ भोकांचा खरा पोर्ट असलेला कॉम्प्युटर असेल, तर तो भंगारात देऊ नका.