कानाकडे कानाडोळा नको

अगं, ब्रुनोचे फोटो पाहिले आणि जीव हरखला. कॉकर स्पॅनियलचं पिल्लू म्हणजे काय बोलावं! पण आता लाड जरा बाजूला ठेव आणि दहा मिनिटं माझं ऐक. खायला काय द्यायचं, लसी कधी, जंताचं औषध कधी, हे सगळं तुला डॉक्टर सांगतीलच. मला बोलायचंय ते त्या दोन लांब कानांबद्दल. त्या कानांवर भाळूनच तू त्याला घरी आणलंस ना? मग आता त्यांची जबाबदारीही तुझीच, आणि ती रोजच्या फिरण्याइतकीच महत्त्वाची आहे.

कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यापेक्षा बरीच लांब असते. आधी ती खाली उतरते आणि मग पडद्याच्या दिशेने आडवी वळते, नळाला एल्बो बसवावा तशी. त्यामुळे आत गेलेलं पाणी किंवा सुटलेला मळ सहजासहजी बाहेर येत नाही. त्यात ब्रुनोच्या कानाची पाळी लांब आणि जड, वरून झाकण घातल्यागत. आत हवा खेळत नाही. शिवाय कॉकरच्या कानात मळ तयार करणाऱ्या ग्रंथी इतर कुत्र्यांपेक्षा जास्त असतात आणि कानाच्या तोंडाशी दाट केस. ओल, ऊब आणि मळ असं सगळं एका जागी आलं की मॅलासेझिया नावाचं यीस्ट फोफावतं. ते थोड्या प्रमाणात बहुतेक कुत्र्यांच्या कातडीवर असतंच, एरवी त्रास देत नाही. पण जून ते सप्टेंबरची आपली दमट हवा त्याला भारी मानवते.

एकदा कान सुजला, औषधाने बरा झाला, तर बिघडलं काहीच नाही. बिघडतं ते पुन्हा पुन्हा सुजला की. आतली कातडी जाड होते, नळी अरुंद होत जाते, मग औषधाचा थेंबही आत पोचत नाही. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर नळी दगडासारखी कडक होते आणि शेवटी शस्त्रक्रिया करून अख्खी नळीच काढावी लागते. ही वेळ कॉकरवर जास्त येते, म्हणून तुला आजच सांगतेय. पिल्लाचा कान आज निरोगी आहे, तो तसाच ठेवणं हेच आपलं काम.

फक्त लोंबत्या कानांचीच ही कहाणी आहे असं समजू नकोस हं. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बावीस हजारांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. वर्षभरात शंभरातल्या साधारण सात कुत्र्यांना बाह्यकर्णाचा दाह झालेला दिसला. सगळ्यात जास्त धोका बॅसेट हाउंडला, त्याच्यामागे शार पे, लॅब्राडूडल, बीगल, गोल्डन रिट्रीव्हर. उभ्या कानांच्या तुलनेत लोंबत्या कानांना धोका पावणेदोन पट. पण यातला शार पे बघ, त्याचे कान इवलेसे असतात, नळी मात्र अरुंद. तेव्हा तुझ्या जावेला सांग, तिच्या जर्मन शेफर्डचे कान ताठ उभे आहेत म्हणून निर्धास्त राहायचं कारण नाही. त्याला अॅलर्जी असेल तर त्याचाही कान सुजू शकतो.

आता कामाचं. आठवड्यातून एक दिवस ठरव. रविवारी सकाळी म्हण हवं तर. पाळी उलटी करून उजेडात बघ आणि नाक जवळ नेऊन वास घे. हो, वास घे, लाजू नकोस. निरोगी कान आतून फिकट गुलाबी असतो, थोडा पिवळसर मळ असतो आणि वास जवळजवळ नसतोच. असा कान दिसला तर पाळी खाली सोड आणि ब्रुनोला शाबासकी दे. साफ करायचं काही कारण नाही. लोकांना वाटतं रोज पुसला की कान स्वच्छ राहतो. रोज पुसून ती नाजूक कातडी चुरचुरते आणि नसलेलं दुखणं सुरू होतं.

मळ साचलेला दिसला, आंघोळ झाली, किंवा तो कुठे पाण्यात खेळून आला, तेव्हा मात्र साफ कर. डॉक्टरांना विचारून कुत्र्यांसाठीचा इअर क्लीनर घे. बाटली आधी पाच मिनिटं मुठीत धर, थंडगार क्लीनर कानात गेला तर पहिल्याच दिवशी तो बाथरूमचं नाव टाकेल. त्याला दोन पायांच्या मध्ये पाठमोरा बसव, पाळी हळूच वर उचल म्हणजे नळी जरा सरळ होते. बाटलीचं तोंड कानाला न टेकवता नळी भरेल इतका क्लीनर ओत. मग कानाच्या खालच्या बाजूला, जिथे नळी बोटांना कडक लागते, तिथे अर्धा मिनिट चोळ. चुळुक चुळुक असा ओला आवाज आला पाहिजे. तो आवाज आला म्हणजे क्लीनर आत पोचलाय. हात सोडलास की तो जोरात डोकं झटकेल, झटकू दे, मळ त्यानेच वर येतो. भिंतीवर उडेल म्हणून बाथरूममध्येच करायचं. मग बोटाला कापूस गुंडाळून, बोट सहज जाईल तेवढंच पूस. कापसाची काडी घरात असली तर ती तुझ्या ड्रॉवरमध्येच राहू दे. काडीने मळ आत ढकलला जातो, बाहेर येत नाही.

आणि घरातल्या मोठ्यांचं प्रेम मी समजू शकते, पण कोमट खोबरेल, लसणीचं तेल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, यातलं काहीही कानात जाता कामा नये. तेलाने ओल आत कोंडते. स्पिरिट सुजलेल्या कातडीला आग लावतं. सासूबाईंना नीट समजावून सांग, त्यांचं मन मोडू नकोस, पण कान त्यांच्या हाती देऊ नकोस.

तो सारखा कान खाजवायला लागला, गालिच्यावर कान घासायला लागला, डोकं झटकायला लागला, किंवा आंबूस, कुबट वास आला आणि तपकिरी चिकट मळ दिसला, तर घरी साफसफाई न करता थेट डॉक्टरांकडे ने. पिवळा-हिरवा पू, हात लावल्यावर कळवळणं, मान एका बाजूला कलणं, तोल जाणं, यातलं काही असेल तर त्याच दिवशी. जोरजोरात झटकून कधी पाळीतली रक्तवाहिनी फुटते आणि पाळी रक्ताने भरून टम्म फुगते. तेव्हाही थांबायचं नाही.

डॉक्टरांकडे गेलीस की दोन गोष्टी आवर्जून माग. कानातला मळ काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघा म्हणून सांग. यीस्ट आहे, जिवाणू आहेत की कानातले माइट्स आहेत, यावर औषध ठरतं आणि तिन्हींची औषधं वेगळी. दुसरं, आत दिवा घालून पडदा शाबूत आहे ना हे बघायला सांग. पडदा फाटलेला असताना काही थेंबांनी ऐकूच येईनासं होऊ शकतं. म्हणूनच मागच्या वेळची उरलेली बाटली, शेजारणीच्या कुत्र्याचे ड्रॉप्स, मेडिकलवाल्याने दिलेले माणसांचे ड्रॉप्स, हे सगळं वर्ज्य. आणि औषध दोन आठवडे सांगितलं असेल तर वास गेला म्हणून पाचव्या दिवशी बंद करू नकोस.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. कान वर्षात दोन-तीनदा बिघडला, आणि त्याच सुमारास तो पंजेही चाटत असेल, बोटांमधले केस लालसर तपकिरी झाले असतील, तर दुखणं नुसतं कानाचं नाही, बहुधा अॅलर्जीचं आहे. कान फक्त तिची खबर देतोय. अशा वेळी नुसते ड्रॉप्स बदलत बसण्यात कुत्र्याचे हाल होतात आणि पैसाही जातो. डॉक्टरांशी अॅलर्जीबद्दल स्पष्ट बोल. अन्नाची शंका असेल तर किमान आठ आठवडे ठरवून दिलेलं एकच अन्न द्यावं लागतं, त्यात बिस्किटाचा तुकडासुद्धा चालत नाही. घरातल्या सगळ्यांनी पाळलं तरच त्याचा उपयोग.

केसांचं बोलू. कॉकरच्या पाळीच्या आतल्या बाजूचे आणि कानाच्या तोंडाभोवतीचे केस बारीक कापून घ्यायचे, त्याने हवा जाते. कानामागे आणि काखेत गुंता फार होतो, एक दिवसाआड फणीने मुळापासून विंचर. वरवर ब्रश फिरवला की वरून रेशमी दिसतं आणि खाली जटा तयार होतात, मग त्या ओढून कातडी दुखते. जेवताना कान भांड्यात पडतात आणि भात-चिकन लागून केस कुजतात, त्यासाठी खोल आणि अरुंद तोंडाचं भांडं घे.

जाता जाता इतर जातींचंही सांगते. शिह त्झू आणि पूडल यांच्या नळीच्या आतही केस वाढतात. पार्लरमध्ये ते चिमट्याने उपटायची पद्धत आहे. कान निरोगी असेल तर उपटू नका असं सांगायला हवं, कारण उपटलेल्या जागी बारीक जखमा होतात. डॉक्टरांनी सांगितलं तरच. उन्हाळ्यात शिह त्झूचे केस आखूड केले तर चालतं. पोमेरेनियन, हस्की, गोल्डन यांच्यावर मात्र मशीन फिरवू देऊ नये. त्यांच्या केसांना दोन थर असतात, ते उन्हापासूनही जपतात, आणि पोमेरेनियनचे केस तर एकदा चकोट केले की कधी कधी महिनोन् महिने नीट उगवत नाहीत. पगच्या चेहऱ्याच्या घड्या पुसून कोरड्या ठेवल्या की बरंच काम झालं. आपल्याकडचे गावठी आणि कारवानी कुत्रे या बाबतीत सोपे, रबरी ब्रश फिरवला की झालं. फक्त पाळीच्या आत आणि बोटांच्या मध्ये गोचीड आहे का ते रोज बघायचं. गोचिडीवर रॉकेल किंवा फिनाइल लावणारी माणसं मी अजूनही पाहते आणि जीव तुटतो माझा. कातडी भाजते, आणि चाटलं तर पोटात विष. बारीक चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची, आणि टिक फिव्हर टाळण्यासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा थेंब वेळेवर.

आंघोळीला कुत्र्यांचाच शाम्पू हं, बाळांचाही नको. आंघोळीआधी कानात हलका कापसाचा बोळा आणि नंतर आठवणीने काढायचा.

तुझ्याकडे अजून एक मोठी संधी आहे, ब्रुनो लहान आहे. आजपासून रोज रात्री टीव्ही बघताना त्याची पाळी उलटी कर, कानाच्या तोंडाशी बोट फिरव आणि लगेच उकडलेल्या चिकनचा कण दे. बस, दहा सेकंद. दुखऱ्या कानाला पहिल्यांदा हात लावायची वेळ आली तर कुत्रं चावतं, त्याचा दोष नसतो. सवय असेल तर तो डोकं तुझ्या मांडीवर ठेवून करू देईल.

पुढच्या लसीला जाशील तेव्हा डॉक्टरांना कानात दिवा घालून दाखवायला सांग, निरोगी कान कसा दिसतो ते तू स्वतः बघून ठेव. आणि पार्लरची पहिली तारीख ठरली की मला कळव, मी बरोबर येते.