शब्दाची लांबी : संगणकातील मजकुराची साठवण व स्थानगणना

१. प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या शब्दात अक्षरे किती, हा प्रश्न प्राथमिक शाळेतील मुलासही अवघड वाटत नाही. 'भिलाई' हा शब्द दिला, तर भि, ला आणि ई अशी तीन अक्षरे तो तत्काळ मोजून दाखवील. हाच प्रश्न संगणकास विचारला असता मात्र, आज्ञावली ज्या भाषेत लिहिली असेल तीनुसार, उत्तर कधी तीन, कधी पाच, तर कधी पंधरा असे मिळते. यांपैकी एकही उत्तर खोटे नाही. प्रत्येक भाषा निरनिराळी वस्तू मोजते, इतकेच. ती वस्तू कोणती हे ध्यानात न घेता आज्ञावली लिहिली गेली, म्हणजे नावे अर्धवट तुटतात, शोध घेऊनही सापडत नाहीत आणि एकच नाव दोन निराळी नावे म्हणून नोंदले जाते. माणसाचे वेतन, निवृत्तिवेतन व शिधा ही सर्व आज अशा नोंदींवर अवलंबून असल्याने हा विषय केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाही.

२. एक नगर, तीन लिपी

या विषयाच्या अभ्यासास भिलाईचेच उदाहरण सोयीचे आहे. छत्तीसगढमधील दुर्ग जिल्ह्यातील या ठिकाणी पोलादाचा कारखाना उभारण्याचा करार भारत व सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली झाला आणि तेथील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कार्यान्वित झाली. साहजिकच या नगराचे नाव देवनागरी, रोमन आणि रशियन अशा तीन लिपींत लिहिले गेले.

रोमन लिपीत या नावास सहा वर्ण लागतात. रशियनमध्येही सहाच लागतात. देवनागरीत पाच चिन्हे लागतात : भ, ऱ्हस्व इकाराची वेलांटी, ल, काना आणि ई. यूटीएफ-८ या आज सर्वत्र रूढ असलेल्या संकेतनात हे नाव साठविले, तर रोमन लिपीत ६, रशियनमध्ये १२ आणि देवनागरीत १५ बाइट जागा व्यापली जाते. चिन्हे सर्वांत कमी, पण जागा सर्वांत अधिक, हा विरोधाभास कसा उद्भवतो हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

३. संकेतांक व संकेतन

संगणक केवळ संख्या जाणतो. म्हणून प्रत्येक चिन्हास एक संख्या नेमून द्यावी लागते. तिला संकेतांक म्हणावे. १९६३ साली अमेरिकेत प्रमाणित झालेल्या आस्की या कोष्टकात १२८ संकेतांक होते व ते इंग्रजीस पुरेसे होते. एका बाइटमध्ये २५६ निरनिराळ्या संख्या मावतात. तेव्हा उरलेल्या १२८ जागी दुसरी एखादी लिपी बसविता येई. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या इस्की या मानकात भारतीय लिपींना हीच जागा दिली होती, व त्यात 'भिलाई' हा शब्द अवघ्या ५ बाइटांत मावे. परंतु रशियन लिपीची एक-बाइटी संकेतनेही तीच जागा वापरीत. परिणामी एकच संख्या एका कोष्टकानुसार देवनागरी वर्ण, तर दुसऱ्यानुसार रशियन वर्ण ठरे आणि दोन्ही लिपी एका मजकुरात सरळपणे नांदू शकत नसत.

याहून बिकट स्थिती टंकांवर आधारलेल्या मजकुराची होती. हिंदी प्रदेशात दीर्घकाळ प्रचलित असलेल्या कृतिदेव टंकात देवनागरीच्या आकृती रोमन वर्णांच्या जागी बसविलेल्या असतात. त्यात 'भिलाई' हा शब्द प्रत्यक्षात सात रोमन वर्णांच्या रूपाने साठविला जातो. डोळ्यांना नाव दिसते. संगणकाच्या दृष्टीने तेथे देवनागरीचा मागमूसही नसतो.

या गोंधळावरील उपाय म्हणजे युनिकोड होय. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. जगातील सर्व लिपींकरिता त्यात एकच कोष्टक असून देवनागरीचा मुख्य विभाग २३०४ पासून २४३१ पर्यंत आहे. 'भिलाई'चे संकेतांक अनुक्रमे २३४९, २३६७, २३५४, २३६६ व २३१२ असे होत. वेलांटी डोळ्यांना भ च्या डावीकडे दिसली, तरी तिचा संकेतांक भ नंतर येतो. साठवणीचा क्रम उच्चारानुसार असतो, आकृतीनुसार नव्हे.

संकेतांक ठरला तरी तो बाइटांत कसा मांडावा हा प्रश्न उरतोच. या मांडणीस संकेतन म्हणतात. यूटीएफ-३२ मध्ये प्रत्येक संकेतांकास ४ बाइट दिले जातात. यूटीएफ-१६ मध्ये २ किंवा ४ बाइट लागतात. केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ साली रचलेल्या यूटीएफ-८ मध्ये एकापासून चारापर्यंत बाइट लागतात : रोमन वर्णास १, रशियनास २, देवनागरीस ३. 'भ' तेथे २२४, १६४, १७३ अशा तीन बाइटांनी दर्शविला जातो. नगराच्या नावाने व्यापलेल्या जागेतील फरकाचे कारण हेच होय.

४. स्थान शोधण्याचे मोल

मजकुरातील चाळिसावे चिन्ह आणा, अशी आज्ञा संगणकास मिळाली असे समजू. भिलाईच्या यार्डात उभ्या असलेल्या मालगाडीचे सर्व डबे सारख्या लांबीचे असतील, तर चाळिसावा डबा कोठे आहे हे गुणाकाराने तत्काळ सांगता येते. डबे लहानमोठे असतील, तर पहिल्यापासून मोजत चालावे लागते. यूटीएफ-३२ ही सारख्या डब्यांची गाडी आहे; पण ती बरीच जागा रिकामी वाहते. यूटीएफ-८ मध्ये जागेची बचत होते, पण चालणे भाग पडते.

मात्र यूटीएफ-८ च्या रचनेत एक सोय आहे. चिन्हाच्या पहिल्या बाइटचे मूल्य १२८ ते १९१ या मर्यादेत कधीही नसते. पुढील प्रत्येक बाइटचे मात्र त्याच मर्यादेत असते. म्हणून मजकुराच्या मध्यभागी कोठेही उतरले, तरी जास्तीत जास्त तीन बाइट मागे जाऊन चिन्हाचा प्रारंभ ओळखता येतो.

५. निरनिराळ्या भाषांचे मार्ग

सी ही भाषा मजकुरास बाइटांची रांग मानते व शून्य आले की रांग संपली असे समजते. यूटीएफ-८ मधील 'भिलाई'ची लांबी ती १५ सांगते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या गो भाषेतही क्रमांकाने मागितल्यास बाइटच मिळतो. पण मजकुरातून क्रमाक्रमाने जाण्याची तिची रीत संपूर्ण संकेतांक हाती देते. रस्ट ही भाषा अधिक कडक आहे. ती क्रमांकाने एकेक चिन्ह देतच नाही आणि चिन्हाच्या मधोमध छेद घेण्याचा प्रयत्न झाल्यास आज्ञावली थांबविते.

जावा व जावास्क्रिप्ट या भाषा १९९५ साली पुढे आल्या. त्या वेळी जगातील सर्व चिन्हे २ बाइटांत मावतील अशी समजूत होती. म्हणून त्यांचे एकक १६ बिटांचे ठरले आणि 'भिलाई'ची लांबी तेथे ५ येते. पुढे ६५,५३६ जागा अपुऱ्या ठरल्या. ज्या मोडी लिपीत नागपूरकर भोसल्यांचा दफ्तरी व्यवहार चाले, ती युनिकोडमध्ये २०१४ साली आली व तिला या मर्यादेपलीकडे जागा मिळाली. परिणामी मोडीचा एक वर्ण या भाषांत दोन एकके म्हणून मोजला जातो आणि क्रमांकाने छेद घेतल्यास मधोमध तुटू शकतो.

पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत लांबी म्हणजे संकेतांकांची संख्या होय. २०१२ पासून तिच्या प्रमुख अंमलबजावणीत मजकुरातील सर्वांत मोठा संकेतांक पाहून प्रत्येकास १, २ किंवा ४ बाइट दिले जातात. देवनागरी मजकुरास प्रत्येकी २ बाइट पुरतात. त्यात मोडीचा एकच वर्ण मिसळला, तर संपूर्ण मजकूर प्रत्येकी ४ बाइटांचा होतो. गाडीचे डबे अशा रीतीने सदैव सारखे राखलेले असल्याने स्थान गुणाकाराने मिळते.

२०१४ साली आलेली स्विफ्ट ही भाषा वाचकास दिसणारे अक्षर मोजते. 'भिलाई'ची लांबी तेथे ३ भरते, म्हणजे शाळेतील मुलाचे व संगणकाचे उत्तर जुळते. त्यासाठी अक्षरांच्या सीमा ठरविणारे नियम लावीत मजकुरातून चालावे लागते. हे नियमही अंतिम नाहीत. 'दुर्ग' या शब्दात जुन्या नियमांनुसार दु, र् व ग अशी तीन अक्षरे पडत. २०२३ सालच्या युनिकोड १५.१ मध्ये देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम आल्यावर दु व र्ग अशी दोनच अक्षरे पडतात.

६. चूक कोठे घडते

नोंदवहीतील नावाच्या रकान्यास २० बाइटांची मर्यादा आहे असे समजू. 'कुलकर्णी' हे नाव रोमन लिपीत ८ बाइटांत मावते. देवनागरीत त्याचे ८ संकेतांक होतात व त्यांस २४ बाइट लागतात. विसाव्या बाइटनंतर कापले, तर सहा चिन्हे पुरी राहतात आणि सातव्याचे दोन बाइट अनाथ होऊन उरतात. पडद्यावर तेथे निरर्थक खूण उमटते. चिन्हाची सीमा पाहून कापले, तर 'कुलकर्' एवढेच राहते. तांत्रिक दृष्ट्या हा मजकूर निर्दोष आहे, पण नाव मात्र नष्ट झाले. अक्षराच्या सीमेवर कापले तरी नाव अपुरेच राहते. तेव्हा खरा उपाय कापण्याच्या कौशल्यात नसून रकाना पुरेसा रुंद ठेवण्यात आहे. भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशातही हाच भेद अनुभवास येतो : १४० बाइटांत इंग्रजीची १६० चिन्हे मावतात, देवनागरीची ७०.

दुसरी चूक तुलनेची. मराठीत 'छत्तीसगढ' असे लिहितात. हिंदीत ढ खाली नुक्ता देतात. हा नुक्तायुक्त ढ दोन प्रकारे साठविता येतो : २३९७ या एकाच संकेतांकाने, किंवा २३३८ व २३६४ या दोहोंच्या जोडीने. डोळ्यांना दोहोंत काहीही फरक दिसत नाही. संख्यांची तुलना करणारी आज्ञावली मात्र त्यांना भिन्न शब्द समजते व शोध निष्फळ ठरतो. म्हणून तुलनेपूर्वी मजकूर एकाच प्रमाणित रूपात आणावा लागतो. युनिकोडची प्रमाणित रूपे या वर्णाच्या बाबतीत जोडीचाच स्वीकार करतात. या क्रियेने हिंदीतील दोन साठवणी एकरूप होतात. मराठी 'छत्तीसगढ' मात्र निराळाच राहतो, कारण त्यात नुक्ता मुळात नाही. तो भेद लेखनाचा आहे, साठवणीचा नाही. तो मिटवावयाचा की राखावयाचा हे माणसानेच ठरविले पाहिजे.

७. निष्कर्ष

शब्दाची लांबी ही एकच संख्या नाही. जागा राखताना बाइट मोजावे, मजकुराची छाननी करताना संकेतांक मोजावे, आणि जेथे माणूस वाचणार तेथे अक्षर मोजावे. रोमन लिपीत ही तिन्ही मोजमापे बहुधा एकच येतात. म्हणून केवळ इंग्रजी मजकुरावर तपासलेली आज्ञावली निर्दोष भासते. देवनागरीत ती वेगळी होतात व दोष उघडा पडतो. तेव्हा भारतीय नावे हाताळणारी आज्ञावली 'भिलाई', 'दुर्ग' व 'कुलकर्णी' यांसारख्या शब्दांवर पारखल्याशिवाय उपयोगात आणू नये.

अभ्यासाकरिता

१. 'नागपूर' या शब्दातील अक्षरे, संकेतांक व यूटीएफ-८ मधील बाइट मोजा.
२. 'भिलाई'चे पाच संकेतांक उलट क्रमाने मांडले असता वेलांटी कोणत्या वर्णास लागेल व का?
३. वीस अक्षरांपर्यंतची देवनागरी नावे मावण्यास २० बाइटांचा रकाना का पुरत नाही, हे स्वतःच्या नावाच्या आधारे दाखवा.